सल्ला हवा: ससून डॉकजवळच्या बर्फ कारखान्यासाठी सेन्सर आणि डेटा-यंत्रणा कशी निवडावी?

शुभ्रकण

नमस्कार. मुंबईतल्या ससून डॉक या मासेमारी बंदराच्या परिसरात आमच्या कुटुंबाचा लादीचा बर्फ तयार करणारा कारखाना आहे. अमोनियावर चालणारे दोन रेसिप्रोकेटिंग (दट्ट्याचे) कंप्रेसर, ब्राइनची (गार मिठाच्या पाण्याची) मोठी टाकी आणि गच्चीवरचा कंडेन्सर (दाबलेल्या वाफेचा पुन्हा द्रव करणारा भाग), एवढा पसारा आहे. आमचे ऑपरेटर दर तासाला गेज पाहून दाब, तापमान आणि मोटारचा करंट लॉगबुकात लिहितात. गळतीचा संशय आला, की गंधकाची कांडी पेटवून सांध्यांजवळून फिरवतात आणि जिथे पांढरा धूर उमटेल तिथले पॅकिंग आवळतात. ही पद्धत त्यांच्या हातात मुरलेली आहे. परंतु कारखान्याच्या भिंतीला लागून आता दाट वस्ती आहे, शिवाय पहाटे लाद्या उचलणारे कामगार मोठ्या संख्येने आत असतात, त्यामुळे केवळ नाकावर आणि अनुभवावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही.

दोन पुरवठादारांचे प्रस्ताव हाती आहेत. पहिला वायफायवर चालणारे गॅस सेन्सर आणि मोबाइल अ‍ॅप देतो. दुसरा कंप्रेसरपासून ब्राइनपर्यंत सर्व ठिकाणी सेन्सर बसवून सारा डेटा स्वतःच्या क्लाउडवर नेतो आणि त्यासाठी वार्षिक शुल्क आकारतो. सुरुवात कोठून करावी, आणि गॅसचा इशारा व इतर मोजमापे एकाच यंत्रणेत असावीत का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बर्फाची मागणी घटते, म्हणून जोडणीचे काम त्याच काळात उरकावे लागेल.

यंत्रवेध

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. गॅसचा इशारा आणि डेटा-यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी ठेवाव्यात. सेन्सरने गॅस पकडल्यावर हूटर वाजणे, दाराबाहेरचा लाल दिवा लागणे आणि एक्झॉस्ट पंखा सुरू होणे या तिन्ही क्रिया तारेने जोडलेल्या स्थानिक पॅनेलमधून, रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) साहाय्याने घडल्या पाहिजेत. त्यांच्या मार्गात वायफाय, सर्व्हर किंवा कोणाचा मोबाइल येता कामा नये. त्या पॅनेलमधून वाचनाची प्रत मॉडबसवरून (यंत्रांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीची प्रचलित पद्धत) डेटा-यंत्रणेकडे खुशाल पाठवावी, परंतु तो प्रवाह एकाच दिशेचा असावा. पहिल्या पुरवठादाराचे अ‍ॅप कितीही देखणे असले, तरी त्याच्याकडे असे स्वतंत्र पॅनेल नसेल तर तो प्रस्ताव मी स्वीकारणार नाही.

जागेविषयी थोडे सविस्तर लिहितो. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असते, म्हणून कंप्रेसर-रूममध्ये छताजवळ सेन्सर लावतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र दाबाखालचा द्रव अमोनिया फुटून बाहेर पडला, तर त्याचे गार धुके होऊन ते बराच वेळ जमिनीलगत रेंगाळते. म्हणून रिसीव्हरजवळ (द्रव अमोनिया साठवणाऱ्या टाकीजवळ) आणि तेल काढण्याच्या व्हॉल्व्हजवळ माणसाच्या श्वासाच्या उंचीवर आणखी एकेक सेन्सर हवा. तेल काढताना होणारी गळती हा अमोनिया-प्लँटमधला नेहमीचा धोका आहे, त्यामुळे त्या कोपऱ्यात काटकसर करू नये.

इशाऱ्याच्या पातळ्यांबद्दल: नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 ला 1987 मध्ये जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत अमोनियाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आणि अल्पकाळासाठी 35 पीपीएम अशी होती. 300 पीपीएम ही जिवाला तात्काळ धोकादायक मानली जाणारी पातळी आहे. पहिला हूटर 25 वर आणि आपत्कालीन वायुवीजन 150 वर, अशी रचना प्रचलित आहे. नाकाला याहून कमी प्रमाणातही वास येतो हे खरे, पण सतत त्या वातावरणात वावरणाऱ्याचे नाक सरावते आणि मंद गळती त्याच्या ध्यानात येत नाही. नेमकी तीच सेन्सरने पकडायची आहे.

आणखी एक गोष्ट पुरवठादार आपणहून सांगत नाहीत. सेन्सरमधला गॅस ओळखणारा विद्युत-रासायनिक सेल दोन-तीन वर्षांत थकतो, आणि मोठ्या गळतीत तो एकदा माखला की त्याच्या वाचनावर भरवसा ठेवता येत नाही. ठरावीक अंतराने प्रमाणित गॅस सोडून तपासणी करण्याचे वेळापत्रक आणि बदली सेलची किंमत करारातच लिहून घ्यावी.

खारवारा

मी बंदर परिसरातल्या यंत्रांची देखभाल करतो, त्यामुळे फक्त साहित्याविषयी लिहितो. अमोनिया तांबे आणि पितळ खातो. दाबाच्या सेन्सरचा अमोनियाला लागणारा प्रत्येक भाग, फिटिंगसकट, स्टेनलेस स्टीलचा आहे हे माहितीपत्रकात वाचून नव्हे, तर वस्तू हातात घेऊन पाहावे. केबलच्या टोकांची उघडी तांब्याची तारही ब्राइनचे तुषार आणि खारी हवा यांमुळे हिरवी पडते आणि वाचन हळूहळू सरकू लागते. जंक्शन बॉक्समध्ये केबल खालूनच आत घ्यावी आणि ग्लँड (केबलभोवतीच्या घट्ट बुचण्या) नीट आवळलेले असावेत.

पाळीप्रमुख

वरच्या तांत्रिक सल्ल्याशी मी सहमत आहे. मला मुद्दा मांडायचा आहे तो नोंदींच्या अर्थाचा.

1984 च्या डिसेंबरात भोपाळ वायुदुर्घटनेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास, जिच्यातून पुढे विषारी वायू सुटला त्या 610 क्रमांकाच्या टाकीचा दाब 2 पीएसआय (दाबाचे एकक) होता. अकरा वाजता पाळी बदलल्यानंतर तो 10 दिसला. 2 ते 25 ही नेहमीची मर्यादा असल्याने नव्या पाळीला त्यात वावगे काही वाटले नाही. दोन्ही आकडे मर्यादेत होते. अल्पावधीत झालेली पाचपट वाढ मात्र कोणाच्याही नजरेसमोर एका कागदावर आली नाही. टाकीची शीतयंत्रणा तर काही महिन्यांपासून बंदच होती. तिथली कारणे अनेक आहेत आणि आपल्या कारखान्याशी त्यांची तुलना करण्याचा हेतू नाही, परंतु डेटा-विश्लेषणाचे खरे काम काय, हे यावरून कळते. आकडा मर्यादेबाहेर गेला का, हे साधा स्विचही सांगतो. तो कोणत्या वेगाने सरकतो आहे आणि पाळी बदलताना ते पुढच्या माणसाला दिसते का, यासाठी आलेख लागतो. म्हणून दाराजवळ आलेख दाखवणारा एक पडदा (स्क्रीन) लावावा आणि पाळी सोपवताना दोन्ही ऑपरेटरांनी मागच्या आठ तासांचे आलेख एकत्र पाहून लॉगबुकात सही करावी. लॉगबुक बंद करू नये.

दुसरे असे, की इशारे मोजकेच ठेवावेत. लाद्या काढून साच्यांत नवे पाणी भरले, की ब्राइनचे तापमान थोडे चढणारच. त्यावर प्रत्येक वेळी मोबाइल वाजला, तर आठवडाभरात सर्वजण आवाज बंद करतील आणि मग खरा इशाराही त्यातच बुडेल. प्रत्येक इशाऱ्यापुढे तो कोणाला जाईल आणि त्याने काय करायचे हे लिहिता येत नसेल, तर तो इशारा ठेवूच नये. हे ठरवताना ऑपरेटरांना सोबत बसवावे. कोणत्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह ओळखायचा हे त्यांनाच ठाऊक असते, आणि ही यंत्रणा आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी नाही, हे त्यांना मालकाच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.

शुभ्रकण

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गॅसचे पॅनेल स्वतंत्र ठेवण्याचे नक्की करतो. मात्र उरलेल्या मोजमापांचा खर्च वडिलांना पटवून द्यायचा आहे. त्यातून प्रत्यक्ष बचत कोठे होते?

वीजमापक

सर्वांत आधी कंडेन्सरकडे पाहावे. 35 अंशांना अमोनियाचा संपृक्त दाब (वाफ आणि द्रव एकत्र असतानाचा) गेजवर साधारण 12.5 बार असतो आणि 40 अंशांना साधारण 14.5 बार. म्हणजे डिस्चार्जचा (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचा) दाब दोन बारने चढला, की संघनन-तापमान (वाफेचा द्रव होण्याचे तापमान) पाच अंशांनी वाढलेले असते. दर अंशामागे कंप्रेसरची वीज सुमारे 2 ते 3 टक्के जास्त लागते, तेव्हा तेवढ्याच बर्फासाठी आपण 10 ते 15 टक्के अधिक वीज भरत असता. नळ्यांवर साचलेला क्षार, अडकलेले फवारे किंवा यंत्रणेत शिरलेली हवा ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. मुंबईत हवेतील आर्द्रता ऋतूनुसार खूप बदलते, त्यामुळे नुसता दाब पाहून निष्कर्ष काढता येत नाही. बाहेरचे वेट-बल्ब तापमानही (ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीवरचे) नोंदवावे आणि दाबावरून निघणारे संघनन-तापमान व ते यांतील फरक पाहावा. तो फरक आठवड्यागणिक वाढत असेल, तर कंडेन्सर धुण्याची वेळ आली आहे.

यासाठी दाबाचे दोन, तापमानाचे तीन-चार सेन्सर आणि प्रत्येक कंप्रेसरला एक वीजमीटर पुरतो. दर टन बर्फामागे किती युनिट लागले, हा एकच आकडा वडिलांना रोज दाखवावा. कंपनाचे सेन्सर पुढच्या वर्षासाठी ठेवावेत. रेसिप्रोकेटिंग यंत्र मुळातच हादरते, त्यामुळे बाहेरच्या तक्त्यातील मर्यादा लावण्यापेक्षा आपल्याच यंत्राची निरोगी अवस्थेतील नोंद आधी जमा व्हायला हवी.

यंत्रवेध

वीजमापक यांच्या यादीशी मी पूर्ण सहमत आहे. जोडणीविषयी दोन गोष्टी सांगून थांबतो. कारखान्याच्या आत शील्ड केलेली आरएस-485 ची (सेन्सर जोडण्याच्या प्रचलित पद्धतीची) तार टाकावी. ओल्या भिंती आणि लोखंडी सांगाडे यांच्यात वायफाय टिकत नाही. गच्चीवरच्या कंडेन्सरपर्यंत तार नेणे अवघड असेल, तर 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालणारे लोरावॅन (कमी विजेवर दूरवर पोचणारी बिनतारी पद्धत) वापरता येते, त्या पट्ट्यासाठी परवाना लागत नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा लोकलही जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी कंप्रेसर बंद पडतो आणि कमी दाबाच्या बाजूचा अमोनिया सभोवतालच्या उष्णतेने हळूहळू दाब धरू लागतो, म्हणून गॅस पॅनेल, हूटर आणि गेटवे (सेन्सरचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारे यंत्र) यांना बॅटरी हवीच.

करारात पुढील अटी नावानिशी घालाव्यात: इंटरनेट तुटले तरी नोंदी गेटवेमध्ये साठल्या पाहिजेत, सर्व डेटा आपल्याला हवा तेव्हा साध्या तक्त्याच्या स्वरूपात मिळाला पाहिजे, सेन्सरची मॉडबस रजिस्टर-यादी (कोणते वाचन कोणत्या क्रमांकावर मिळते ती) आपल्या ताब्यात दिली पाहिजे आणि वार्षिक शुल्क भरणे थांबवले तरी कारखान्यातील पडदा चालू राहिला पाहिजे. दुसरा पुरवठादार यांतील एकही अट नाकारत असेल, तर स्थानिक संगणकावर ग्राफानासारखे आलेख दाखवणारे मुक्त सॉफ्टवेअर बसवून देणारा एखादा लहान इंटिग्रेटर (वेगवेगळी यंत्रे एकत्र जोडून देणारा) शोधावा. साहित्याची मागणी मार्चअखेरपर्यंत नोंदवावी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लँट रिकामा करून सेन्सरसाठी पाइपला सॉकेट वेल्ड करता येतील आणि दाबचाचणीला पुरेसा वेळ उरेल.