‘भावुक’, ‘हळवा’ आणि ‘भावबंबाळ’

प्रश्न : म्हातारे आईवडील आणि त्यांच्यापासून दुरावलेली मुले यांच्यावरील एका चित्रपटाची चार परीक्षणे वाचली. एकाने त्याला कौतुकाने ‘भावुक’ म्हटले आहे, दुसऱ्याने तोच शब्द दोष म्हणून वापरला आहे, तर उरलेल्या दोघांनी ‘हळवा’ आणि ‘भावबंबाळ’ ही विशेषणे लावली आहेत. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर : माझ्या मते चालू नयेत. ‘भावुक’ या शब्दाला मुळात दोषाची छटा नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तो ‘कल्याण’, ‘मंगल’, ‘शुभ’ यांच्या पंक्तीला बसलेला आहे, आणि भागवताच्या अगदी आरंभी ‘रसिका भुवि भावुकाः’ असे ज्यांना संबोधले आहे, ते रसाची गोडी जाणणारे श्रोते आहेत. आजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘चटकन गहिवरणारा’ इतका आकसला असला, तरी तो अजूनही माणसाचाच गुण आहे. प्रेक्षक भावुक होतो. चित्रपटाला फार तर ‘भावनाप्रधान’ म्हणावे, आणि त्या शब्दात निंदाही नाही, स्तुतीही नाही. (‘भाविक’ निराळा, तो श्रद्धेकडे वळलेला.)

‘भावबंबाळ’ मात्र उघड दोष सांगतो. ‘रक्तबंबाळ’वरून घडलेला हा शब्द मला नेमका वाटतो, कारण त्यात जखमेपेक्षा वाहणेच अधिक दिसते. संस्कृत रसविचारात करुणरसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून असलेली भावना, शोक; त्याचे कारण तो विभाव, आणि अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक, म्हणजे परिणाम. वडिलांचे घरातले स्थान कसकसे घटत गेले, मुलाने कोणत्या क्षणी नजर चुकवली, हे न दाखवता पहिल्याच प्रसंगात आईच्या डोळ्यांना धार लावली, की परिणाम आहे आणि कारण नाही अशी स्थिती होते. परीक्षकाने ‘भावबंबाळ’ लिहून थांबू नये, विभाव कुठे उणा पडला तेही दाखवावे. नाहीतर प्रेक्षकाच्या खऱ्या अश्रूंचाही अकारण अपमान होतो, आणि तो मला सहन होत नाही.

याउलट जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या १९५३ सालच्या ‘टोकियो स्टोरी’ या चित्रपटात पत्नी गेल्यानंतरच्या पहाटे म्हातारा नवरा सूर्योदय सुंदर होता, आजही उकडणार, एवढेच बोलतो. तिथे शोक पुरता आहे आणि विलाप नाही. अशा कृतीला ‘करुण’ म्हणावे.

पुन्हा प्रश्न : मग ‘हळवा’ कुठे बसतो?

उत्तर : या शब्दासाठी शेतीतला वापर आठवावा. लवकर तयार होणारे भात ते हळवे, उशिरा येणारे ते गरवे. हळवा माणूस असाच लवकर भरून येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. वयाबरोबर पुष्कळ माणसे हळवी होतात. म्हणून म्हाताऱ्या पात्राला ‘हळवे’ म्हणणे अगदी योग्य आहे. चित्रपटाला ‘हळवा’ म्हणायचे, तर त्याचा भाव फार लवकर कापणीला आला एवढाच अर्थ अभिप्रेत असावा. भावबंबाळपणात हेतुपुरस्सर रडवण्याचा जो आरोप आहे, तो ‘हळवा’ या शब्दात नाही. मी स्वतः या चित्रपटाविषयी लिहिले असते, तर पूर्वार्धाला ‘हळवा’ म्हटले असते आणि ‘भावबंबाळ’ हा शब्द शेवटच्या पुनर्भेटीसाठी राखून ठेवला असता, कारण तिथे संवाद संपल्यावरही संगीत आणि आसवे थांबत नाहीत.