चाकरमानी गेले, खोकला राहिला

(रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. गणपती होऊन आठवडा उलटलेला, सोमवार सकाळ, बाहेर धो धो पाऊस.)

२०४ वहिनी, ८.१२: कोणाकडे अझिथ्रो ५०० च्या, त्या अँटिबायोटिकच्या, उरलेल्या गोळ्या आहेत का? ह्यांच्या खोकल्याचा आज नववा दिवस. रात्रभर खों खों, आता कफ पण हिरवा पडायला लागलाय. या पावसात मेडिकलपर्यंत जायचं जिवावर आलंय, त्यात लिफ्ट बंद.

१०२: माझ्याकडे तीन आहेत, गेल्या वर्षीच्या. एक्स्पायरी बघते थांब.

सेक्रेटरी: लिफ्टचा पार्ट कोल्हापूरहून येतोय. कृपया त्यावर पुन्हा पुन्हा विचारू नये.

४०३: गणपतीच्या आधीपासून येतोच आहे तो.

३०१ सिस्टर मावशी: १०२, गोळ्या देऊ नकोस गो. वहिनी, ताप आहे का त्यांना? बोलताना दम लागतो? छातीत दुखतं?

२०४ वहिनी: ताप पहिले दोन दिवस होता, कणकण. आता नाही. दम नाही लागत, काल भजी तळायला लावली मला. पण मावशी, कफ हिरवा आहे हो.

३०१ सिस्टर मावशी: भजी खातायत ना, मग बरं आहे. हिरव्याला घाबरू नका. आपल्या पांढऱ्या पेशी लढायला येतात, त्यांच्यातल्या एका द्रव्याचा रंगच हिरवट असतो. जंतू व्हायरस असो की बॅक्टेरिया, कफ हिरवा-पिवळा पडू शकतो. रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही.

२०४ वहिनी: डॉक्टरांकडे पण जाऊन आलो शुक्रवारी. छाती तपासली, अक्यूट ब्राँकायटिस म्हणाले. चारशे रुपये घेतले आणि गोळी काय तर पॅरासिटामॉल! वर म्हणे वाफ घ्या, पाणी प्या, बरं होईल.

१०२: चारशेत वाफ 😂

३०१ सिस्टर मावशी: हसू नका. चारशे रुपयांत छाती ऐकून न्यूमोनिया नाही हे कळलं, ते महाग नाही. औषध लिहून टाकणं सोपं असतं, न लिहिणाऱ्याला पेशंटची तोंडं बघावी लागतात. सिव्हिलमध्ये ३१ वर्षं वॉर्ड केलाय मी, ही तोंडं मला पाठ आहेत.

२०४ वहिनी: मग नऊ दिवस झाले तरी जात का नाही?

३०१ सिस्टर मावशी: सविस्तर लिहिते, चष्मा लावलाय.

ब्राँकायटिस म्हणजे फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज. दहातल्या नऊ वेळा कारण व्हायरस. मुंबईहून चाकरमानी आले, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं आरतीला, दारं पावसामुळे बंद, धूप चालू. आणखी काय हवं. व्हायरस आठवड्यात जातो, पण जाताना नळीचं आतलं अस्तर सोलून जातो. मुंबई-गोवा हायवे आठवा. पाऊस थांबला म्हणून खड्डे बुजतात का? तसंच. अस्तर भरून येईपर्यंत जरा गार वारा, फोडणीचा ठसका, उदबत्तीचा धूर लागला की ढास सुरू. लोकांना वाटतं आठवड्यात संपावा, पण हा खोकला सरासरी १८ दिवस चालतो. तीन आठवडे गेले तरी नवल नाही. अँटिबायोटिकने फरक पडतो जेमतेम अर्ध्या दिवसाचा, आणि जुलाब, मळमळ फुकट. व्हायरसवर ते चालतच नाही. डांग्या खोकल्याची गोष्ट वेगळी, तो डॉक्टर ओळखतील.

स्ट्रिपवर लाल रेघ असते बघा. ती शोभेला नाही, चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून आहे.

१०२: माझ्या स्ट्रिपवर आहे रेघ. कचऱ्यात टाकू?

३०१ सिस्टर मावशी: गेल्या वर्षीचा कोर्स पुरा केला नव्हतास म्हणजे.

१०२: (हा मेसेज डिलीट केला आहे)

५०२: Forwarded वाटेल पण आमच्या आजीचं आहे: आलं, तुळस, गवती चहा, मिरी उकळून मध घालून घ्या. नातवाला पण चमचा चमचा देतेय, आठ महिन्यांचा आहे, त्याला पण सर्दी लागलीये.

३०१ सिस्टर मावशी: काढा मोठ्यांनी खुशाल घ्या, घसा शेकतो. झोपताना चमचाभर मधही चांगला. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, काढ्यातूनसुद्धा नाही. मधातल्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मोठ्यांचं खोकल्याचं सिरप पण त्याला नको. आणि वाफेचं पातेलं पोराजवळ नको. वॉर्डात भाजलेली पोरं आली की कितीदा तरी कारण तेच असायचं. बाळाच्या बरगड्या श्वास घेताना आत ओढल्या जातात का, दूध पिताना थांबतो का, ते बघ. तसं असेल तर लगेच डॉक्टर.

५०२: नाही, पितोय चांगला. मध बंद केला 🙏

१०४: माका दोन महिने सुको खोकलो. सर्दी नाय, ताप नाय. काय करूचा?

३०१ सिस्टर मावशी: बीपीची गोळी कुठली?

१०४: रामिप्रिल.

३०१ सिस्टर मावशी: त्या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो काही जणांना. डॉक्टरांना सांग, बदलून देतील. आपल्या मनाने बंद करू नकोस हां.

३०१ सिस्टर मावशी: सेक्रेटरी, एक राहिलं. आपला वॉचमन महिनाभर खोकतोय, कुणी विचारलं नाही. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे थुंकी तपासायची, टीबीसाठी. सिव्हिलला फुकट होते. जिन्याखालच्या कोंडवाड्यात रात्रभर मच्छर अगरबत्ती पेटवून झोपतो तो, तिथे खिडकी पण नाही.

सेक्रेटरी: उद्या मी स्वतः घेऊन जातो त्याला. खिडकीचं बघतो.

४०३: आमच्या बाबांना पण खोकला आहे, पण ताप अजिबात नाही. त्यामुळे काळजी नाही.

३०१ सिस्टर मावशी: आजोबा ७८ ना? जेवतात का?

४०३: परवापासून पेज पण नको म्हणतात. पडून असतात. सकाळी मला भाऊ म्हणाले, भाऊ म्हणजे माझे काका, ते जाऊन सहा वर्षं झाली. झोपेत असतील.

३०१ सिस्टर मावशी: त्यांना कळू देऊ नका आणि श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. मी वर येतेय.

४०३: २८ भरले.

२०४ वहिनी: कोविडमधला ऑक्सिमीटर आहे आमच्याकडे, पाठवते.

३०१ सिस्टर मावशी: वर आहे मी. बोटं गार होती, चोळून लावला. ऑक्सिजन ९०, कमी आहे. म्हाताऱ्या माणसांना ताप येतोच असं नाही, गोंधळ आणि अन्न सुटणं हीच खूण असते. थांबायचं नाही, गाडी काढा. सरळ दवाखान्यात.

४०३: लिफ्ट 😔

२०४ वहिनी: ह्यांना पाठवते उतरवायला.

३०१ सिस्टर मावशी: खोकणाऱ्याला नको. दुसरे दोघे या. मांडवातली हातांची प्लॅस्टिकची खुर्ची आणा, बसवून नेऊ. आडवं नको करायला, दम वाढेल.

१०४: मी आणि सेक्रेटरी येताव.

(संध्याकाळ)

४०३, ७.४०: ॲडमिट केलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया. ऑक्सिजन लावलाय, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. संध्याकाळपर्यंत ९५ वर आलेत.

१०२: म्हणजे लागलंच ना अँटिबायोटिक!

३०१ सिस्टर मावशी: त्यांना लागलं. तुझ्या तीन गोळ्या मात्र उद्या मला आणून दे.

२०४ वहिनी: ह्यांची उबळ आज जरा कमी आहे. उशी उंच केली, उदबत्ती बंद केली. आणि मावशी, गोळी नाही घेतली हां.

(पुढच्या रविवारी)

४०३: बाबा उद्या घरी येतायत. आज मला नावाने हाक मारली. आणि विचारलं, लिफ्ट झाली का?

सेक्रेटरी: पार्ट निघालाय कोल्हापूरहून.

१०४: खुर्ची माझ्याकडेच आसा.