मदत हवी आहे: घराचा राडारोडा न्यायला परवानगी असलेला माणूस कोण?

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या बाथरूमचं काम चालू आहे, फरशा, विटा, सिमेंट मिळून पंधरा-वीस गोण्या निघाल्यात आणि घंटागाडीवाले दादा हे घेत नाहीत. एक टेम्पोवाला स्वस्तात न्यायला तयार झाला, पण कुठे टाकणार विचारलं तर म्हणे टाकतो कुठेतरी, म्हणजे नंदिनी नदीच्या काठालाच ना! मला ते अजिबात नको, आधीच पावसाळ्यात पाणी तुंबतं, आणि बांधकाम कचऱ्याच्या नियमांनुसार सुद्धा असा कचरा वेगळा ठेवून ठरलेल्या जागीच द्यायचा असतो. मनपाची परवानगी असलेलं कोणी माहितीये का? परवाना कसा तपासायचा, माल टाकल्याची पावती मिळते का? थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.