मराठी मंडळाच्या ईमेल लिस्टवरची चर्चा: विंडोजचा सर्व्हिस पॅक २ आत्ता टाकायचा की गणपतीनंतर?

प्रेषक: स्मरणिका समिती
मंगळवार, ३१ ऑगस्ट २००४

नमस्कार मंडळी,

काल रात्री स्मरणिकेचं काम करत बसले होते तर खाली उजव्या कोपऱ्यात फुगा आला, अपडेट उतरवून ठेवलंय, इन्स्टॉल करू का म्हणून. नेहमीचा बारकासा पॅच, म्हणजे छोटी दुरुस्ती, असेल म्हणून दाबणारच होते, नीट वाचलं तर विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे सगळ्या दुरुस्त्या आणि नवे बदल एकत्र असलेलं मोठं अपडेट. तसंच बंद करून टाकलं आणि तुम्हाला लिहायला बसले.

स्मरणिकेची सगळी पानं माझ्या एकाच मशीनवर आहेत. लेख, जाहिराती, मराठी शाळेतल्या मुलांच्या कविता, सगळं. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे, पुण्याहून आणलेलं, त्याला मागे प्रिंटरच्या पोर्टात लावायचं लॉक आहे, ते लॉक ओळखलं नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. छापखान्यात फाइल ८ तारखेला द्यायचीय आणि गणपती १८ ला.

गेल्या वर्षी याच दिवसांत ब्लास्टर नावाचा किडा, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम, आला होता. मी अध्यक्षांचं मनोगत टाइप करत होते आणि पडद्याच्या मधोमध चौकट आली, मशीन साठ सेकंदांत बंद होणार, आकडे उलटे पळतायत, ५९, ५८, ५७... मला सेव्ह करायचंसुद्धा सुचलं नाही, नुसती बघत बसले. एका संध्याकाळी तीन वेळा झालं ते. त्यामुळे टाकायचीही भीती वाटतेय आणि न टाकायचीही. ज्यांनी टाकलाय त्यांनी प्लीज आपला अनुभव लिहा.


प्रेषक: खजिनदार
बुधवार, १ सप्टेंबर

ताई, नका टाकू. मी रविवारी टाकला आणि अजून निस्तरतोय. वर्गणीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर खालच्या मशीनवर आहे आणि मी वरच्या खोलीतून ते वापरतो, ते जोडलंच जाईना. त्या कंपनीला फोन केला, पाऊण तास गाणी ऐकवली आणि मग सांगितलं की आमचं सॉफ्टवेअर अजून याला तयार नाही, सर्व्हिस पॅक काढून टाका. ऐन गणपतीच्या तोंडावर दीडशे घरांच्या पावत्या काढायच्यात, मी काय करायचं?

माझ्या ऑफिसातपण सगळ्यांना मेल आलीय, सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. आयबीएमनेसुद्धा आपल्या लोकांना थांबायला सांगितलं असं बातम्यांत होतं. खुद्द मायक्रोसॉफ्टने कुठले प्रोग्रॅम अडतात त्याची यादी लावलीय. एवढे मोठे लोक थांबतात तर आपण घरचे लोक कशाला पुढे व्हायचं? गणपती पार पडू देत, मग बघू.


प्रेषक: वेबसाइट समिती
बुधवार, १ सप्टेंबर, रात्री उशिरा

ताई, काका,

लांबलचक लिहितोय त्याबद्दल माफ करा पण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि यावर घाईत मत होऊ नये असं मनापासून वाटतं. ताई, आज रात्री काहीही दाबू नका. पण 'गणपतीनंतर बघू' याला माझा विरोध आहे.

आत्तापर्यंतचे पॅच म्हणजे एकेक भोक सापडेल तसं बुजवणं होतं. हा तसा नाही. एक्सपीमध्ये फायरवॉल, म्हणजे बाहेरून आत शिरू बघणारी कनेक्शन्स अडवणारा पहारेकरी, पहिल्यापासून, २००१ पासून आहे, पण ती बंद असायची आणि चालू करायची खूण कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डच्या पानावर, तिथे कोण जाणार? शिवाय ती चालू केली तरी मशीन सुरू होताना नेटवर्क आधी जागं व्हायचं आणि फायरवॉल मागून यायची, मधले काही क्षण दार सताड उघडं. आता ती आपोआप चालू असते आणि मशीन सुरू होत असतानाच पहाऱ्यावर असते. बाकी पॉप-अप अडवणं, आउटलुक एक्सप्रेसमध्ये संशयास्पद अटॅचमेंट रोखणं वगैरे आहेच, पण माझ्या मते खरा बदल हाच.

ब्लास्टर कुठल्या मेलमधून आला नव्हता. कोणी कशावर क्लिक केलं नव्हतं. ताई, तुमची काही चूक नव्हती, मशीन नुसतं नेटला जोडलेलं होतं एवढंच. आणि सगळ्यात वाईट याचं वाटतं की त्याचा पॅच १६ जुलैला आलेला होता, ब्लास्टर आला ११ ऑगस्टला. जवळजवळ चार आठवडे होते हातात. यंदा सॅसर नावाच्या दुसऱ्या किड्याच्या वेळी पॅच १३ एप्रिलला आणि किडा ३० एप्रिलला, म्हणजे सतराच दिवस. मी ज्या हॉस्पिटलात काम करतो तिथेही आम्ही तेव्हा 'पुढच्या आठवड्यात टाकू' म्हणालो होतो आणि मग दोन रात्री मजल्यामजल्यावर हातात सीडी घेऊन फिरलो. नर्सेस कागदावर नोंदी लिहीत होत्या. ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून एवढा जीव तोडून सांगतोय.

सॅन्स नावाची संस्था आहे, तिचे लोक मोजतात की पॅच नसलेलं विंडोजचं मशीन नेटला लावलं तर किती वेळ टिकतं. सध्याचा आकडा सरासरी वीस मिनिटं आहे. वीस मिनिटांत धड पॅचसुद्धा उतरत नाहीत!

काका, मोठ्या कंपन्या थांबल्यात हे खरं आहे, मायक्रोसॉफ्टनेच त्यांना हे ऑटोमॅटिक अपडेट १२० दिवस अडवून धरायची सोय दिलीय. पण त्यांची मशीन कंपनीच्या मोठ्या फायरवॉलच्या आत बसलेली असतात, त्यांना थांबणं परवडतं. आपल्यापैकी कितीतरी घरांत केबल मोडेमची वायर सरळ पीसीत जाते, मध्ये राउटरसुद्धा नाही. त्यामुळे ऑफिसचा नियम घराला लावू नका. तुमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मला वाटतं फायरवॉलमुळेच अडलंय, वरच्या मशीनला खालच्याने दार उघडलेलं नाही. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज फायरवॉल, तिथे एक्सेप्शन्सच्या पानावर तो प्रोग्रॅम जोडायचा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंगवर खूण करायची. सर्व्हिस पॅक काढू नका, मी उद्या संध्याकाळी फोन करतो.

आणि एक गोष्ट, जी मला जानेवारीपासून बोलायची होती. संक्रांतीचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर मायडूम हा मेलमधून पसरणारा किडा आला, आठवत असेल. या लिस्टवर एका वहिनींच्या नावाने घाण मेलवर मेल येत होत्या आणि आपल्यातल्या काहींनी त्यांना इथेच चारचौघांत सुनावलं, की तुमचं मशीन साफ करा, आम्हाला त्रास का. मायडूम पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावतो हो. ज्याच्या मशीनवर तो बसलाय त्याच्या ॲड्रेस बुकातला कुठलाही पत्ता उचलतो. मी नंतर वहिनींच्या घरी जाऊन मशीन बघितलं, ते स्वच्छ होतं. म्हणजे तो दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी होता आणि त्या व्यक्तीला आजही माहीत नसेल. वहिनींनी त्यानंतर लिस्टवर एक ओळ लिहिलेली नाही. त्यांची माफी मागायला हवी, मी माझ्यापुरती मागतो, कारण मला कळलं तेव्हाच मी इथे लिहायला हवं होतं.

ताई, तुमच्यासाठी असं करू. आज सगळी पानं दोन सीड्यांवर बर्न करा, एक सीडी दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. जुनी फायरवॉल आजच चालू करा, फोनवर सांगतो कशी ते. लेबर डेच्या सुट्टीत मी येतो, आधी तुमच्या मुलाच्या मशीनवर सर्व्हिस पॅक टाकून त्यावर ते लॉक लावून बघू. तिथे चाललं तरच तुमच्या मशीनला हात लावू.


प्रेषक: ज्येष्ठ नागरिक कट्टा
गुरुवार, २ सप्टेंबर

चि. वेबसाइटवाले, अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र दोनदा वाचलं. आमच्याकडे अजून डायल-अप आहे. मुलाने सांगितलं की हे शंभर एमबीच्या आसपास उतरवायचं म्हणजे पाच-सहा तास, तेवढा वेळ फोन अडकून राहणार, हिची बहीण नेमकी ठाण्याहून त्याच वेळी फोन करते. मग आमच्यासारख्यांनी काय करावं? आम्ही बँकेचं काम या मशीनवर करत नाही, फक्त पत्रं आणि सकाळी मराठी पेपर. तरी धोका आहे का?


प्रेषक: वेबसाइट समिती
गुरुवार, २ सप्टेंबर

काका नमस्कार. धोका आहे, कारण हे किडे सोडणाऱ्यांना तुमची पत्रं नको असतात, तुमचं मशीन हवं असतं, त्यावरून पुढे स्पॅम पाठवायला. डायल-अपवरसुद्धा ब्लास्टर शिरत होता.

उतरवत बसू नका. मी पूर्ण २६६ एमबीचं पॅकेज ऑफिसातून आणून त्याच्या सीड्या केल्यात, रविवारी नाटकाच्या तालमीला घेऊन येतो. मायक्रोसॉफ्टकडून पोस्टाने फुकट सीडी मागवता येते पण यायला वेळ लागतो. घरी कोणी नसेल तर मीच येऊन टाकून देईन. मशीनवर दीड-दोन जीबी जागा मोकळी लागेल आणि ॲडवेअर (न विचारता जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम) भरलेलं असेल तर ते आधी साफ करायचं, नाहीतर मध्येच अडकतं.


प्रेषक: एक सभासद
शुक्रवार, ३ सप्टेंबर

मी इथे सहसा लिहीत नाही, पण विचारायचं होतं. सांगलीला आईबाबांकडे असेंबल्ड पीसी आहे, विंडोज दुकानदारानेच टाकून दिलं, सीडी नाही की लायसन्स नाही. रविवारी सकाळी त्यावरूनच नात दिसते त्यांना. त्यावर हे चालेल का? बाबांना फोनवरून किती सांगणार, त्यांना माउस डबल क्लिक करायलाच दोन महिने लागलेत, पण शिकले.


प्रेषक: वेबसाइट समिती
शुक्रवार, ३ सप्टेंबर

ताई, तसल्या कॉप्यांवर ज्या नेहमीच्या चोरीच्या 'की' (लायसन्सचे नंबर) असतात त्या सर्व्हिस पॅक ओळखतो आणि टाकू देत नाही. तुमच्या बाबांची यात काही चूक नाही, त्यांनी दुकानदाराला पूर्ण पैसे मोजले असणार. सरळ मार्ग म्हणजे लायसन्स विकत घेणं, दिवाळीला कोणी जाणार असेल तर त्याच्याबरोबर पाठवा. तोपर्यंत एक काम बाबांकडून फोनवर नक्की होईल: कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे एकच चौकोन आहे त्यात खूण, म्हणजे जुनी फायरवॉल चालू होईल. नात दिसायची थांबली तर ती खूण काढून लगेच मला सांगा, दुसरा उपाय बघू.


प्रेषक: खजिनदार
शनिवार, ४ सप्टेंबर

काल फोनवर एक्सेप्शन्समध्ये जोडून घेतलं, हिशोब वरून उघडतोय. पावत्या छापायला लागलोय. ज्यांना मी नका टाकू म्हणालो त्यांनी माझ्या शब्दावर थांबू नये.

आणि जानेवारीत सुनावणाऱ्यांत मी होतो. वहिनींना आज घरी जाऊन भेटून आलो.


प्रेषक: स्मरणिका समिती
मंगळवार, ७ सप्टेंबर

मंडळी, झालं एकदाचं.

रविवारी रात्री मुलाच्या मशीनवर टाकला, तासभर लागला, आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर लॉक ओळखेना. माझे हातपाय गळाले होते खरं सांगते. मग त्या लॉकचा नवा ड्रायव्हर शोधला, साडेबारापर्यंत बसलो होतो, तो टाकून मशीन परत सुरू केलं आणि 'मंगलमूर्ती मोरया' हे मुखपृष्ठावरचं अक्षर पडद्यावर जसंच्या तसं आलं, जोडाक्षर एकही फुटलेलं नाही. तेव्हा कुठे मी चहा टाकला. सोमवारी माझ्या मशीनवर, तिथे ड्रायव्हर आधी आणि सर्व्हिस पॅक नंतर, काही त्रास झाला नाही. सीड्या शेजारी काकूंकडे ठेवल्यात.

आज सकाळी त्या फायरवॉलने पहिल्यांदा विचारलं, एक प्रोग्रॅम बाहेरून येणारी कनेक्शन्स घेऊ बघतोय, 'कीप ब्लॉकिंग', 'अनब्लॉक' की 'आस्क मी लेटर'. नाव वाचलं तर मुलाने कधीतरी उतरवलेला गाणी शेअर करण्याचा प्रोग्रॅम. इतके महिने तो माझ्या स्मरणिकेशेजारी बसून काय करत होता मला पत्ता नव्हता. ब्लॉक केला आणि संध्याकाळी काढून टाकला.

उद्या दुपारी फाइल छापखान्यात जातेय. शाळेतल्या मुलांच्या कवितांची चार पानं अजून तपासायची राहिलीत, ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष देणारं कोणी आज रात्री मोकळं असेल तर फोन करा, मी जागी आहे.