अंगठ्याच्या मुळाशी कळ: पट्ट्याने बरं होतं का?

दुपट्यांचा_ढीग:
मुलगी साडेचार महिन्यांची, वजन साडेसहा किलो. तीन आठवडे झाले, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला अशी कळ येते की दुपटं पिळता येत नाही. कुकरचं झाकणही सासूबाईच लावतात. आई म्हणते बाळंतवात आहे, तेल चोळ. जोर लावून चोळलं, तर दुसऱ्या दिवशी टेंगूळच आलं. हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलेच. कागदावर 'डी क्वेर्व्हेन' लिहिलंय. अंगठ्याचा पट्टा दिलाय, उतरलं नाही तर इंजेक्शन म्हणाले. मी अंगावर पाजते. नुसत्या पट्ट्याने कोणाचं बरं झालंय का?

फिजिओ_ताई:
तुम्ही ज्याला नस म्हणाल ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. अंगठ्याच्या अशा दोन दोऱ्या मनगटावर एकाच अरुंद बोगद्यातून जातात. त्याचं अस्तर जाड झालं की त्या आत घासतात, हेच डी क्वेर्व्हेन. मग वरून रगडून काय होणार? चोळणं आजच बंद.
पट्टा पाहा, अंगठा त्यात अडकतो ना? नुसता मनगटाचा असेल तर उपयोग नाही. अंगठ्याच्या मागे मुंग्या आल्या तर तो घट्ट बसलाय, सैल करा. चार ते सहा आठवडे लागतात.
आणि बाळाला उचलता कसं? दोन्ही अंगठे ताठ करून काखेत हात घालत असाल, तर दुखण्याचं मूळ तिथेच आहे. एक तळहात ढुंगणाखाली, दुसरा मानेमागे, अंगठा बोटांना चिकटलेला, असं सुपासारखं उचला. पाजताना खाली उशी घ्या, म्हणजे डोक्याचा भार मनगटावर येणार नाही.
डॉक्टरांनी करून पाहिलेली ती मूठ घरी व्यायाम म्हणून करू नका, निम्मे पेशंट हेच करून येतात! गोळी-जेल घ्यायचं तर अंगावर पाजताय हे सांगूनच घ्या.

कात्री_आणि_काज:
मी शिवणकाम करते. पट्टा पाच आठवडे लावला, पण दिवाळीची ब्लाउजं थांबतात होय? शेवटी इंजेक्शन घेतलं. पहिले दोन दिवस जास्तच ठणकलं, मग आठवड्याभरात कात्री हातात. मला डायबेटिस आहे, साखर तीन-चार दिवस चढलेली होती, तेव्हा असेल त्याने आधी विचारून घ्या. टोचलं तिथे रुपयाएवढा पांढरा डाग पडला, तो जायला बरेच महिने गेले. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

दुपट्यांचा_ढीग:
पाच आठवड्यांनी लिहितेय. पट्टा बरोबर निघाला, चूक माझी: रात्री उठताना काढून ठेवायचे, आणि रात्रीच तर चार वेळा उचलायची. आता झोपतानाही असतो. दुपटी मशीनमध्ये पिळते. टेंगूळ बसलंय, इंजेक्शन लागलं नाही. बरणीचं झाकण फिरवताना मात्र अजून चमक येते. आणि परवापासून डाव्या अंगठ्याला तसंच वाटतंय. तिकडेही पट्टा आणू का?

फिजिओ_ताई:
आधी सांगा, उजवा बांधल्यापासून मोबाइल कुठल्या हातात असतो?