मदत हवी आहे : न्यूपोर्ट टॉवरच्या चुन्याचं वय कसं वाचायचं?

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला आठ खांबांचा हा दगडी मनोरा स्कॉटलंडजवळच्या ऑर्क्नी बेटांचा सरदार हेन्री सिंक्लेअर याने १३९८च्या सुमारास बांधला, असं मानणारे बरेच आहेत. त्यांचा आधार म्हणजे १५५८ साली व्हेनिसमध्ये छापलेली झेनो बंधूंची उत्तर अटलांटिकमधल्या सफरींची पत्रं. त्यांत सिंक्लेअर हे नाव नाहीच, 'झिचम्नी' नावाचा सरदार आहे! ते असो.

प्रश्न चुन्याचा आहे. गारा (दगड सांधणारं चुन्याचं मिश्रण) घट्ट होताना हवेतला कार्बन शोषतो आणि त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ ठरावीक वेगाने घटतो, म्हणून त्यावरून बांधकामाचं वय कळतं. इथे ते सतराव्या शतकातलं येतं. गव्हर्नर बेनेडिक्ट आर्नल्डच्या (अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला त्याच नावाचा गद्दार नव्हे, त्याचा पूर्वज) १६७७च्या मृत्युपत्रातही दगडी पवनचक्कीचा उल्लेख आहे, ती हाच मनोरा मानतात. चुना शिंपले भाजून केलेला; नीट न भाजलेला शिंपला गाऱ्यात राहिला तर त्यातल्या जुन्या कार्बनमुळे वय उलट जास्त दिसतं. तपासलेला गारा नंतरच्या डागडुजीचा असेल हा मुद्दाही लंगडा, कारण नमुने खांबांत खोलवर भोकं पाडून घेतलेत.

उरते एक शंका. जाड खांबाच्या गाभ्यात हवा उशिरा पोचते, शिवाय पाणी मुरून चुना पुन्हा स्फटिकरूप झाला तर वय अलीकडचं दिसतं. हा फरक दशकांचा की शतकांचा? प्रयोगशाळेत नमुन्यावर आम्ल टाकल्यावर आधी निघणारा वायू गाऱ्याचा धरतात, नंतरचा शिंपल्याचा. पण पुन्हा जमलेला चुना तर सगळ्यांत आधी विरघळणार. तो वेगळा कसा काढायचा? जुन्या चुन्यावर काम केलेल्यांनी सांगावं.