वजन झपाट्याने उतरवल्याने पित्ताशयात खडे होतात का?

वैदर्भी (प्रश्न)
नमस्कार. मी नागपूरची, वय ३९. दिवाळीनंतर मी आठ आठवड्यांत १४ किलो वजन उतरवले. सकाळचा नाश्ता बंद होता, दुपारी काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि ताक, रात्री एक वाटी पातळ वरण, आणि तेल-तूप पूर्ण वर्ज्य. गेल्या महिन्यात एका समारंभात सावजी रस्सा जेवले आणि त्याच रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठून ती पाठीपर्यंत गेली. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे निघाले. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत ते नव्हते. घरचे सावजीला दोष देतात आणि शेजारच्या काकू टोमॅटो-पालक सोडून कुळथाचे पाणी प्यायला सांगतात. माझी धाकटी बहीण आता माझाच आहार सुरू करते आहे, म्हणून खरे कारण समजून घेणे मला फार निकडीचे वाटते.

आहारतज्ज्ञ, धरमपेठ
ताई, एका जेवणाने खडे तयार होत नाहीत. रश्श्यातल्या तेलामुळे पित्ताशय जोराने आकसले आणि आधीच तयार असलेला एखादा खडा त्याच्या तोंडाशी अडकला, एवढाच सावजीचा त्यात वाटा असावा.

यकृतात तयार होणारे पित्त दोन जेवणांच्या मधल्या काळात पित्ताशयात साठते आणि तिथे घट्ट होत जाते. अन्नातला स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचला की कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि पित्ताशय आकसून रिकामे होते. तुमच्या आहाराने इथेच दुहेरी घात केला असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते: अंगावरची चरबी वेगाने वितळत असताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडत होते, आणि पोटात तेल-तूपच जात नसल्यामुळे ते पित्त बाहेर न पडता साचून राहत होते. अशा साचलेल्या पित्तात कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरतात आणि त्यांचेच पुढे खडे होतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरले की हा धोका वाढतो, आणि तुमचा वेग पावणेदोन किलोंचा होता.

बहिणीला वजन जरूर कमी करू द्या, कारण लठ्ठपणा हेही खड्यांचे मोठे कारण आहे. फक्त आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढ्याच गतीने. नाश्ता चुकवू नये, आणि दिवसातल्या निदान एका जेवणात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, तेल किंवा तूप असावे. मैदा आणि साखर कमी करून ज्वारीची भाकरी, डाळी, अंबाडीसारख्या पालेभाज्या आणि मूठभर शेंगदाणे वाढवावेत. तुम्हाला मात्र हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. खडे असताना तेलकट जेवणाने कळ येऊ शकते, म्हणून तुमचा आहार शल्यचिकित्सकांना विचारूनच ठरवावा.

महालवासी
टोमॅटो-पालकाचे पथ्य मुतखड्यासाठी सांगतात, आणि कुळथाचे पाणीही त्यासाठीच देतात. पित्ताशयाचा मूत्रमार्गाशी संबंध नाही, त्यामुळे त्या पाण्याने हे खडे वाहून जाणार नाहीत. माझ्या मोठ्या भावाने अशा उपायांत पाच महिने घालवले आणि शेवटी खडा पित्तनलिकेत उतरून त्याला कावीळ झाली. ताप, थंडी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एक आई
आहाराचे म्हणणे मला मान्य आहे, पण विदर्भात आणखी एक कारण विसरता येत नाही. माझ्या मुलाच्या पित्ताशयात सोळाव्या वर्षी खडे निघाले, तेव्हा नातेवाइकांनी त्याच्या खाण्यावर बोट ठेवले आणि तो बिचारा जेवायलाच घाबरू लागला. प्रत्यक्षात त्याला सिकलसेलचा आजार आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन वाढते आणि त्याचे काळसर खडे बनतात. त्यात ताटातल्या पदार्थांचा दोष नसतो. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर बहिणींनी रक्ताची तपासणीही करून घ्यावी.

वैदर्भी
सर्वांचे मनापासून आभार. आमच्या मावशीकडे सिकलसेल आहे, हे वाचताना आठवले. उद्या आम्ही दोघी रक्त तपासायला जातो आहोत. बहिणीने आज सकाळी भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली. माझी शल्यचिकित्सकांची वेळ गुरुवारची आहे, तोवर कुळीथ डब्यातच राहील.